उंबरे मोजायचे की माणसं? प्रोब सेटवरच्या ‘गो’ नोंदींची मोजणी आणि तुलना

प्रश्न थोडक्यात असा आहे. हजारो जनुकांचा आरएनए एकदम मोजणाऱ्या, अ‍ॅफिमेट्रिक्स कंपनीच्या एचजी-यू१३३ प्लस २.० चिपवर रुग्ण आणि निरोगी अशा दोन गटांच्या नमुन्यांची तुलना केली. वाढलेल्या ७४० प्रोब सेटची (प्रोब सेट म्हणजे एका जनुकाचा आरएनए पकडायला चिपवर लावलेला डीएनए-तुकड्यांचा संच) एक यादी निघाली, कमी झालेल्या ५१० ची दुसरी. मग पहिल्या यादीतले किती प्रोब सेट जीन ऑन्टॉलॉजीतल्या (‘गो’, म्हणजे जनुकांच्या कामांना दिलेल्या ठरावीक नावांची रचना) ‘इम्यून रिस्पॉन्स’ या टर्मखाली येतात हे मोजायला घेतलं, तर तीन वाटांनी तीन आकडे आले. कंपनीच्या सीएसव्ही फाइलमधून ३१, बायोकंडक्टर या मोफत सॉफ्टवेअर-संग्रहाच्या कोष्टकातून ११८ ओळी, आणि त्याच कोष्टकातले वेगळे प्रोब सेट मोजले तर ५८. यातला खरा आकडा कोणता? दोन याद्यांची तुलना कशी करायची? आणि एचजी-यू९५एव्ही२ या जुन्या चिपवरची एक यादी हाताशी आहे, तिच्याशी हे जुळवून पाहता येईल का?

तिन्ही आकडे बरोबर आहेत. फक्त तुम्हाला जे विचारायचंय त्याचं उत्तर त्यांतला एकही देत नाही. आपल्याकडे गाव केवढं हे सांगताना ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हणतात. ते बरोबरच असतं, पण त्यावरून गावात शिकलेली माणसं किती हे कळत नाही. एखाद्याचे तीन वाडे असतात, एखाद्या घरात दोन चुली असतात. तुमच्या मोजणीत प्रोब सेट म्हणजे उंबरा, जनुक म्हणजे माणूस. गो नोंदी माणसाच्या नावावर असतात, उंबऱ्याच्या नाही. जीवशास्त्राचा अभ्यासक एखादा शोधनिबंध वाचून ‘हे प्रथिन अमुक काम करतं’ अशी नोंद करतो तेव्हा त्याच्यासमोर चिप नसते. चिपवरच्या प्रोब सेटला ती नोंद चिकटते ती केवळ तो त्या जनुकाकडे बोट दाखवतो म्हणून.

म्हणून आधी चिपबद्दल थोडं. यू१३३ या नावातला १३३ हा युनिजीन या संग्रहाच्या १३३ व्या आवृत्तीचा क्रमांक आहे, एप्रिल २००१ ची. त्या काळी मानवी जनुकं नेमकी किती आणि कुठे हेच पक्कं नव्हतं. ईएसटी म्हणजे आरएनएचे वाचलेले तुकडे होते, ते एकत्र बांधून ‘हे एक जनुक असावं’ असे गठ्ठे केले होते आणि त्या गठ्ठ्यांवरून प्रोब आखले गेले. एका प्रोब सेटमध्ये साधारण ११ जोड्या, प्रत्येक प्रोब २५ अक्षरांचा. प्लस २.० वर असे ५४,६७५ प्रोब सेट आहेत, आणि त्यांत ‘एएफएफएक्स’ने सुरू होणारे नियंत्रणाचे ६२. युनिजीन हा संग्रह अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेने २०१९ मध्ये बंदच केला, पण त्याच्या त्या काळच्या समजुती आजही जीईओ या सार्वजनिक संग्रहात जीपीएल५७० (या चिपचा तिथला क्रमांक) खाली पडलेल्या प्रत्येक फाइलमध्ये आहेत.

गठ्ठे बांधताना एकाच जनुकाचे दोन-तीन गठ्ठे झाले असतील तर त्या जनुकाला दोन-तीन प्रोब सेट मिळाले. तुमच्या विषयातलंच उदाहरण घ्या. सीसीएल५ हे केमोकाइनचं जनुक प्लस २.० वर १४०५_आय_एटी, २०४६५५_एटी आणि १५५५७५९_ए_एटी अशा तीन उंबऱ्यांवर राहतं. दाह असलेल्या ऊतीत हे जनुक वाढलं तर बहुधा तिन्ही वर येणार, आणि ‘केमोटॅक्सिस’खाली तुम्ही तीन मोजणार. वाढलं मात्र एकच जनुक. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या ईएसआर१ या जनुकाला तर अर्ध्या डझनाहून जास्त प्रोब सेट आहेत. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए कुटुंबाची कथा याहून गुंतागुंतीची, कारण ती जनुकं एकमेकांशी इतकी सारखी की त्यांचे बरेच प्रोब सेट ‘_एक्स_एटी’ शेपटीचे आहेत. त्यातले काही प्रोब दुसऱ्याच्या आरएनएलाही चिकटू शकतात, अशी सूचना कंपनीने नावातच दिलेली आहे.

हे दुप्पट-तिप्पट मोजणं सगळीकडे सारखं असतं तर हरकत नव्हती. पण ते सारखं नसतं. ज्या जनुकांचा आरएनए भरपूर, ज्यांच्यावर जुन्या काळापासून काम झालं, त्यांचे ईएसटी जास्त, म्हणून गठ्ठे जास्त. आणि ज्यांच्यावर काम जास्त झालं त्यांच्याच गो नोंदीही जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेनं ढकलतात.

आकडा मांडून पाहू. समजा, पार्श्वभूमी (ज्यांतून यादी निवडली ते सगळे) २०,००० प्रोब सेटची, एका टर्मखाली त्यातले ६०, आणि तुमच्या यादीत ४००. निव्वळ योगायोगानं यादीत त्या टर्मचे १.२ प्रोब सेट यावेत. आले सहा. सहा किंवा जास्त येण्याची शक्यता हजारात दीडच्या आसपास, म्हणजे लेख लिहायला घ्यावा इतकी कमी. आता ते सहाच्या सहा एकाच जनुकाचे निघाले तर? मग यादीत त्या टर्मचं एक जनुक आहे, आणि तेवढं तर योगायोगानंही आलं असतं. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत असाच एक ठळक निकाल एका बैठकीत मांडला होता. प्रतिजन सादरीकरणाशी संबंधित टर्म सगळ्यात वर होती, रंगही लाल दिला होता. समोरच्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, “यात जनुकं किती?” मी तिथेच मोजली. एचएलएची चार-पाच जनुकं आणि त्यांचे डझनभर ‘_एक्स_एटी’. तेव्हापासून टर्मशेजारी जनुकांची नावं छापल्याशिवाय मी कोणताही तक्ता बाहेर जाऊ देत नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे प्रोब सेटवरून एन्ट्रेझ जनुक क्रमांकावर, म्हणजे एनसीबीआयने प्रत्येक जनुकाला दिलेल्या क्रमांकावर जाणं. हे बिनधोक नाही. प्लस २.० ची कोणतीही फाइल उघडली की बहुधा पहिलीच ओळ असते १००७_एस_एटी. बायोकंडक्टरच्या एचजीयू१३३प्लस२.डीबी या पॅकेजला विचारलं तर तो डीडीआर१ आणि एमआयआर४६४० अशी दोन नावं सांगतो. दुसरं नाव एका सूक्ष्म आरएनएचं आहे, जो डीडीआर१ च्याच जागेत बसलेला आहे. ही चिप सूक्ष्म आरएनए मोजायला केलेलीच नाही, ते नाव केवळ पत्ता एक असल्यामुळे आलंय. खाली १२९४_एटी पाहा: यूबीए७ आणि एमआयआर५१९३, तोच प्रकार. तुम्ही बायोकंडक्टरचं ‘मॅपआयडीज’ हे फंक्शन वापरत असाल तर ते न सांगता पहिलं नाव उचलतं, कारण ‘मल्टिव्हॅल्स’ला काही सांगितलं नाही तर ‘फर्स्ट’ धरलं जातं. ‘सिलेक्ट’ वापरलं तर दोन्ही ओळी येतात आणि एक प्रोब सेट दोनदा मोजला जातो. माझा रिवाज असा: सूक्ष्म आरएनएची नावं आधी गाळायची, आणि त्यानंतरही ज्या प्रोब सेटला दोन वेगळी जनुकं उरतात तो मोजणीतून सरळ वगळायचा. थोडे हातचे जातात, पण उरतात त्यांच्याबद्दल काहीतरी नक्की बोलता येतं.

ज्यांना जनुकच नाही असे हजारो प्रोब सेटही या चिपवर आहेत. ते गठ्ठे पुढे कुठल्याच मान्य जनुकात बसले नाहीत. ते यादीतूनही काढायचे आणि पार्श्वभूमीतूनही. फक्त यादीतून काढून पार्श्वभूमी ५४,६७५ च ठेवणारे मी बरेच पाहिलेत. त्यामुळे प्रत्येक टर्म आहे त्यापेक्षा ठळक दिसते.

आता तुमच्या तीन आकड्यांकडे येऊ. गो ही झाडासारखी रचना आहे असं म्हणतात, पण झाडात फांदीला एकच बुंधा असतो, इथे एका टर्मला दोन-चार पालक असू शकतात. नियम असा की जनुकाची नोंद एखाद्या टर्मवर असली तर ती तिच्या सगळ्या पूर्वजांवरही लागू होते. ‘इनेट इम्यून रिस्पॉन्स’वर नोंद असलेलं जनुक ‘इम्यून रिस्पॉन्स’चंही आहे आणि ‘इम्यून सिस्टम प्रोसेस’चंही. पण फाइलमध्ये लिहिलेली असते ती फक्त सगळ्यात नेमकी, खालची नोंद. कंपनीच्या सीएसव्हीत अशा थेट नोंदीच आहेत, म्हणून तिथून ३१ आले. ते ‘ज्यांच्यावर नेमकी हीच टर्म लिहिली आहे असे प्रोब सेट’ झाले, आणि हा आकडा नोंदवणारा किती बारकाईनं लिहितो यावर हलतो. एखाद्या अभ्यासकाने पुढच्या वर्षी ‘इम्यून रिस्पॉन्स’ खोडून जास्त नेमकी टर्म लिहिली तर जनुकाबद्दलचं ज्ञान वाढतं आणि तुमचा आकडा कमी होतो. थेट नोंदींची मोजणी तुलनेला निरुपयोगी, हे माझं ठाम मत.

ती सीएसव्ही वापरायचीच असेल तर दोन खाचखळगे. एका रकान्यात अनेक टर्म असतात, त्या तीन तिरप्या रेघांनी वेगळ्या केलेल्या असतात, आणि एका टर्मच्या आतले क्रमांक, नाव, पुरावा हे दोन रेघांनी. दोन रेघांवर तोडलं की सगळा चिवडा होतो आणि तरीही आकडे विश्वासार्ह दिसतात, हेच वाईट. दुसरं, नावावरून शोधू नका. ‘इम्यून रिस्पॉन्स’ हा मजकूर ‘रेग्युलेशन ऑफ इम्यून रिस्पॉन्स’मध्येही सापडतो. शिवाय नावं बदलतात: गो:०००६३५५ ही टर्म एके काळी ‘रेग्युलेशन ऑफ ट्रान्स्क्रिप्शन, डीएनए-डिपेंडंट’ होती, आज वेगळ्या शब्दांत लिहिली जाते. क्रमांक तोच आहे. तुमची टर्म गो:०००६९५५, तिला तिच्या क्रमांकानंच हाक मारा.

११८ आणि ५८ हे दोन्ही बायोकंडक्टरच्या ‘गोऑल’ रकान्यातून आलेले दिसतात. त्यात पूर्वजांपर्यंत चढवलेल्या नोंदी असतात, म्हणजे दिशा बरोबर आहे. पण त्या कोष्टकात पुराव्याचाही रकाना असतो, आणि एकच जनुक-टर्म जोडी तीन पुराव्यांनी आली तर तीन ओळी होतात. ११८ म्हणजे पुराव्यांच्या ओळी. ५८ म्हणजे वेगळे प्रोब सेट. तुम्हाला हवा तो चौथा आकडा: ‘प्रोब सेट’ आणि ‘पुरावा’ हे रकाने टाकून द्या, जनुक आणि टर्म यांच्या वेगळ्या जोड्या ठेवा, मग मोजा. तो ५८ हून कमीच येईल.

एक अडनिडी गोष्ट इथेच सांगतो, कारण इम्यून विषयात ती हमखास चकवते. ‘इन्फ्लमेटरी रिस्पॉन्स’ ही टर्म ‘इम्यून रिस्पॉन्स’च्या खाली नाही, ती ‘डिफेन्स रिस्पॉन्स’च्या खाली आहे. त्यामुळे दाहाची नोंद असलेलं जनुक तुमच्या मोजणीत येईलच असं नाही. बोलताना आपण दोन्ही एकाच माळेत ओवतो, गो तसं करत नाही. कोणती टर्म मोजायची हे ठरवताना तिची व्याख्या वाचा.

स्वतःच पूर्वज काढणार असाल तर गो-बेसिक ही ऑन्टॉलॉजी फाइल घ्या. तिच्यातले संबंध वर चढवायला सुरक्षित असतात, चक्र होत नाही आणि एका शाखेतून दुसऱ्या शाखेत उडी पडत नाही. नोंदींची मूळ जीएएफ फाइल वाचणार असाल तर चौथ्या रकान्यात ‘नॉट’ लिहिलेल्या ओळी आधी काढा. ‘हे जनुक हे काम करत नाही’ असं सिद्ध झाल्याची ती नोंद आहे. ती ‘करतं’ म्हणून मोजणारे कमी नाहीत.

आणि मग एक साधी तपासणी, जी मी दर वेळी करतो. गोच्या तिन्ही शाखांच्या (जैविक प्रक्रिया, रेणूचं काम, पेशीतली जागा) मुळाशी एकेक टर्म आहे, जैविक प्रक्रियांसाठी ती गो:०००८१५०. वर चढवून मोजल्यावर या मुळाखाली जितकी जनुकं येतात तितकीच ‘या शाखेत किमान एक नोंद असलेली जनुकं’ असायला हवीत. दोन आकडे जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, कोडमध्ये कुठेतरी गळती आहे. याच मुळावर थेट बसलेल्या काही नोंदी दिसतील, पुराव्याचा संकेत ‘एनडी’. त्यांचा अर्थ: अभ्यासकाने शोधलं, काही सापडलं नाही. पूर्वी यासाठी ‘बायोलॉजिकल प्रोसेस अननोन’ अशी वेगळी टर्मच होती, ती नंतर मोडीत काढली. ज्या जनुकाची फक्त ‘एनडी’ नोंद आहे ते छेदातून वगळा. त्याच्याबद्दल आपल्याला काही माहीत नाही, मग त्याला ‘इम्यून रिस्पॉन्समध्ये नाही’ या बाजूला कसं बसवणार?

पुराव्यांबद्दल नेहमी विचारतात की ‘आयईए’ म्हणजे यंत्रानं लावलेल्या, माणसानं न तपासलेल्या नोंदी काढायच्या का. मानवी जनुकांसाठी मी दोन्ही तऱ्हेनं मोजतो आणि निष्कर्ष बदलला तर तसं लिहितो. बहुतेक वेळा मोठ्या टर्मचा निष्कर्ष टिकतो, लहान टर्म कोसळतात. पिकांच्या किंवा कमी अभ्यासलेल्या जीवांच्या चिपवर मात्र ‘आयईए’ काढलं की हातात काही उरतच नाही, तिथे हा सोवळेपणा परवडत नाही. ‘आयईपी’ मात्र मी काढतो. तो संकेत सांगतो की जनुकाची नोंद त्याच्या अभिव्यक्तीवरून केली आहे. अभिव्यक्तीच्या प्रयोगाचा अर्थ लावायला अभिव्यक्तीवरूनच केलेल्या नोंदी वापरणं म्हणजे स्वतःच्या सावलीला साक्षीदार करणं.

आता याद्यांकडे. प्रोब सेटवरून जनुकावर आलात तरी एक पूर्वग्रह शिल्लक राहतो, आणि तो बऱ्याच अनुभवी लोकांच्याही ध्यानात येत नाही. ‘जनुकाचा एक तरी प्रोब सेट यादीत असेल तर जनुक यादीत’ असा नियम तुम्ही लावला असेल, तर नऊ प्रोब सेटच्या जनुकाकडे लॉटरीची नऊ तिकिटं आहेत आणि एक प्रोब सेटच्या जनुकाकडे एक. चाचणीनंतर जनुकावर आणल्यानं तिकिटं परत घेतली जात नाहीत. उपाय म्हणजे चाचणीच्या आधीच प्रत्येक जनुकाला एक प्रतिनिधी द्यायचा, आणि तो देताना रुग्ण कोण, निरोगी कोण हे पाहायचं नाही. जीनफिल्टर पॅकेजमधलं ‘एनएसफिल्टर’ हेच करतं: सगळे नमुने एकत्र धरून ज्या प्रोब सेटचा आंतरचतुर्थक विस्तार (मधल्या निम्म्या आकड्यांचा पसारा) सर्वांत मोठा तो ठेवतं. ते आपणहून निम्मे, कमी हलणारे प्रोब सेटही गाळतं, तेव्हा पार्श्वभूमी म्हणून त्यानंतर उरलेली जनुकंच घ्यायची. सीईएल फाइली, म्हणजे चिपवरच्या प्रोबांची कच्ची मोजमापं, हाताशी असतील तर त्याहून चांगला मार्ग मिशिगन विद्यापीठातल्या ब्रेनअ‍ॅरे गटाच्या सीडीएफ फाइलींचा (कोणता प्रोब कोणत्या सेटमध्ये हे सांगणाऱ्या). त्यांनी प्रत्येक प्रोबचा क्रम ताज्या जनुकांशी नव्यानं जुळवून दर जनुकाला एकच प्रोब सेट असे गठ्ठे बांधलेत. उंबऱ्यांचा वादच मिटतो. मी आज नव्यानं सुरुवात केली तर इथूनच करेन.

हे काही करायचं नसेल तर निदान वाढलेल्या आणि कमी झालेल्या याद्यांत एकच जनुक दोन्हीकडे आलंय का ते पाहा. येतं. एक प्रोब सेट वर, दुसरा खाली. कधी त्यात खरंच काही असतं, आरएनएची शेपूट बदललेली असते. बहुधा एक प्रोब सेट भलतंच काही मोजत असतो. अशी जनुकं दोन्ही याद्यांतून काढून वेगळ्या कागदावर ठेवा.

तुलनेची सर्वांत प्रचलित पद्धत, म्हणजे दोन याद्यांसाठी दोन वर्तुळाकार चकत्या काढायच्या आणि शेजारी ठेवायच्या. कृपा करून हे करू नका. एक जनुक दहा टर्ममध्ये असतं, टक्क्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी वर जाते, चकतीत ती जबरदस्तीनं शंभरावर आणली जाते. मग एका टर्मचा तुकडा लहान दिसतो तो शेजारची टर्म वाढली म्हणून. साधे आडवे पट्टे काढा, प्रत्येक पट्ट्याचा छेद त्या यादीतली नोंद असलेली जनुकं, आणि त्याच चित्रात तिसरा पट्टा पार्श्वभूमीचा. तो तिसरा पट्टा नसेल तर पहिल्या दोघांना अर्थ नाही.

कोणत्या टर्म दाखवायच्या? ‘तिसऱ्या पातळीवरच्या’ असं म्हणू नका. मुळापासून एका टर्मपर्यंत एका वाटेनं तीन पायऱ्या असतात, दुसऱ्या वाटेनं सहा. पातळी हा शब्द इथे फसवा आहे. गो स्लिम नावाचे निवडक, मोठ्या टर्मचे संच आहेत, त्यातला एक चाचणीच्या आधी निवडा आणि त्यालाच चिकटून राहा.

दुसरी चूक जास्त सोज्वळ दिसते. पहिल्या यादीत टर्म सार्थ (केवळ योगायोग म्हणता येणार नाही अशी) ठरली, दुसरीत ठरली नाही, म्हणून दोन्हींत फरक आहे. समजा, पार्श्वभूमी १२,००० जनुकांची, टर्मखाली त्यातली ४५०, म्हणजे ३.७५ टक्के. वाढलेल्या यादीत ३०० जनुकं, त्यातली १८ या टर्मची. कमी झालेल्या यादीत २००, त्यातली १२. योगायोगानं अपेक्षित अनुक्रमे ११.२५ आणि ७.५. पहिल्या यादीचं पी-मूल्य (निव्वळ योगायोगानं इतकी किंवा जास्त येण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली जातं, दुसरीचं वर राहतं. आणि प्रमाण? दोन्हीकडे नेमके सहा टक्के. फरक यादीच्या लांबीचा आहे. दोन याद्या वेगळ्या आहेत असं म्हणायचं असेल तर त्या दोघींनाच एकमेकींसमोर उभं करा: दोन गुणिले दोनचं कोष्टक, फिशरची चाचणी. तुमच्या वाढलेल्या आणि घटलेल्या याद्यांत सामाईक जनुक उरलं नाही की हे चालतं. याद्या एकमेकींत शिरलेल्या असतील तर हे कोष्टक चालत नाही, कारण एकच माणूस दोन्ही रांगांत उभा असतो. तेव्हा ‘फक्त पहिलीत’ आणि ‘फक्त दुसरीत’ असे दोन भाग करून त्यांची तुलना करा.

चाचण्या शेकडो होतील, तेव्हा योगायोगानं सार्थ ठरणारे निकाल आवरणारी बेंजामिनी-हॉखबर्ग दुरुस्ती लावाच. पण ती एका गोष्टीवर उपाय नाही: पूर्वज आणि वंशज एकत्र सार्थ ठरतात आणि तुम्हाला चाळीस निष्कर्ष मिळाल्यासारखे वाटतात. खरं तर तीच पंधरा जनुकं चाळीस नावांनी येत असतात. गोस्टॅट्स पॅकेजमधली ‘कंडिशनल’ चाचणी किंवा टॉपगो पॅकेजमधली ‘एलिम’ पद्धत खालच्या टर्मचं श्रेय वरच्या टर्मला पुन्हा मिळू देत नाही. निकाल थोडका येतो आणि वाचता येतो.

जाता जाता, याद्या एक्सेलमधून नेल्या असतील तर जनुकांची नावं तपासा. जुन्या नावांतलं सेप्ट२ हे तिथे दोन सप्टेंबर होतं. या त्रासाला कंटाळून २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीनं ती नावंच बदलली, आता ते सेप्टिन२ आहे. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्र नमलं, असं माझे एक स्नेही अजून चिडून म्हणतात. एन्ट्रेझ क्रमांक वापरलेत तर हा प्रश्नच येत नाही.

राहिली जुनी यू९५एव्ही२ ची यादी. त्या चिपवर १२,६२५ प्रोब सेट, आणि नावातला ९५ हाही युनिजीनच्या आवृत्तीचाच. तुलना करता येते, पण त्या काळच्या नोंदपत्रकासकट ती यादी उचलून आजच्या यादीशेजारी ठेवू नका. तसं केलंत तर मधल्या काळात गोमध्ये किती भर पडली एवढंच मोजाल. दोन्ही याद्यांचे फक्त प्रोब सेट क्रमांक घ्या. दोन्ही एन्ट्रेझवर आणा, दोघांनाही एकाच बायोकंडक्टर आवृत्तीच्या नोंदी लावा. ती दर सहा महिन्यांनी बदलते, म्हणून आवृत्तीचा आकडा लिहून ठेवा. मग दोन्ही चिपवर असलेली सामाईक जनुकं काढा आणि दोन्ही याद्या त्या कुंपणाच्या आतच मोजा. प्लस २.० वरच्या तुमच्या ७४० प्रोब सेटमागची बरीच जनुकं यू९५ वर मुळात नाहीत. ती जुन्या यादीत दिसत नाहीत याचा अर्थ तेव्हा ती बदलली नव्हती असा नाही, तेव्हा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

सामाईक जनुकांत तुमची पहिली यादी किती उरते ते आधी पाहा. शंभराच्या खाली गेली तर लहान टर्मचा नाद सोडा, स्लिममधल्या आठ-दहा मोठ्या टर्मवर थांबा. आणि जुन्या प्रयोगाच्या सीईएल फाइली कुठे मिळत असतील तर यादी बाजूला ठेवून त्या मिळवा. दोन्ही चिपच्या ब्रेनअ‍ॅरे सीडीएफ आहेत. एका दुपारचं काम आहे, आणि त्यानंतर वरचं निम्मं उत्तर तुम्हाला लागणार नाही.